१५ ऑगस्ट १९४७ ला मी बिगरीत होतो : सोलापुरातली शाळेची पहिली वर्षं

जुनीगिरणी

नमस्कार मंडळी. पणतीला पहिलीत घालायचं म्हणून घरात गेला महिनाभर कागदपत्रं गोळा करणं चालू आहे. ते बघताना माझ्या शाळेचा पहिला दिवस आठवला. म्हटलं आपल्या वयाचे दोन-चार जण इथे असतील, त्यांनाही बोलतं करावं. टंकायला नात मदत करते आहे, सांगणं माझं.

मला शाळेत घातलं जून १९४७ मध्ये. कागद एकही लागला नाही. आईने हाताला धरून म्युनिसिपालटीच्या शाळेत नेलं आणि दारातच उभी राहिली. गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. धरला. मग आईला विचारलं, "पोरगा कधीचा?" आई म्हणाली, "गड्डा उठून महिना झाला आसंल बगा. लढाई चालू हुती." गुरुजींनी बोटं मोजली आणि हजेरीपटावर लिहिलं, १ जून १९४१. गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीची, म्हणजे मी खरं तर फेब्रुवारीतला. पण तीच १ जून पुढे दाखल्यावर आली, नोकरीत आली, पेन्शनच्या कागदावर आली. ३१ मे १९९९ ला मी निवृत्त झालो, त्या दिवशी आमच्या एकट्या कचेरीत पाच जणांचे हारतुरे होते. पाचही जण १ जूनचे!

आमचे वडील गिरणीत सूतखात्यात होते. घरात घड्याळ नव्हतं. सगळा कारभार भोंग्यावर. एका भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला वडील बाहेर पडायचे आणि त्यानंतरच्या भोंग्याला मी पाटी घेऊन पळायचो. वर्गात फळा, गुरुजींची खुर्ची आणि आमच्यासाठी तागाची लांब बस्करं. जमीन शेणाने सारवलेली. शनिवारी आम्हीच ती सारवायचो, मुलींनी कडेने खडूची रांगोळी काढायची.

१५ ऑगस्टला शुक्रवार होता. मला शाळेत जाऊन उणेपुरे दोन महिने झाले होते. 'श्री ग णे शा' पर्यंत आलो होतो, 'य न मः' राहिलं होतं. अंधारातच प्रभातफेरी निघाली. आदल्या रात्री आईने ट्रंकेतून एक खादीचा झेंडा काढून दिला होता, हातरुमालाएवढा. वडील कुमारवयात असताना १९३० च्या चळवळीत कधीतरी घरात आलेला. मधे चरखा होता. तो मी काठीला बांधून मिरवत नेला आणि शाळेत बघतो तर गुरुजींच्या झेंड्यावर चाक! मला रडूच कोसळलं. मला वाटलं आपला झेंडा खोटा आहे.

आमचे मोठे गुरुजी खाली बसले, माझा झेंडा मांडीवर पसरला आणि चरख्यावरून बोट फिरवत म्हणाले, "ह्यो झेंडा हातात धरला म्हणून या गावात लोकांनी गोळ्या खाल्ल्यात. नीट घडी करून ठेव." मग सगळ्यांना चाकाचे आरे मोजायला लावले. आम्हाला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. गुरुजींनी पुढचे चार म्हणून दाखवले. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस हे आकडे मी असे शिकलो.

त्या दिवशी त्यांनी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावं आमच्याकडून घोकून घेतली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिली. आमची आजी तारीख सांगायची नाही. ती म्हणायची, "गड्ड्याच्या तोंडावर फाशी दिली, त्या साली यात्रेत जीव रमला नाही कुणाचा." सोलापुरात जुन्या माणसांची सालं अशीच मोजली जायची. मारशल्लाच्या (१९३० च्या मार्शल लॉच्या) आधी, मारशल्लाच्या नंतर.

खाऊ म्हणून गुळ-शेंगदाण्याचा लाडू मिळाला. साखर रेशनवर होती.

पण मला खरं सांगायचं आहे ते पुढचं. दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक मुलगा आला. नळदुर्गच्या बाजूचा, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीने त्यांचं अख्खं घर रातोरात बैलगाडीतून हद्द ओलांडून सोलापुरात आलं होतं. तेव्हा अशी कितीतरी कुटुंबं आली. धर्मशाळेत, ओळखीच्यांच्या पडवीत, कुठं कुठं राहिली. त्याला माझ्या शेजारी बस्करावर बसवलं. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, पण मराठी अक्षरं कच्ची म्हणून बिगरीत.

पुढच्या वर्षी, १९४८ च्या १५ ऑगस्टला, आम्ही पहिलीत होतो. झेंडावंदन झालं. मी त्याला म्हटलं, "तुमच्या गावाकडं बी लाडू देत असतील." तो म्हणाला, "आमच्याकडं अजून आलं नाही बे स्वातंत्र्य. आमच्याकडं निजामाचा झेंडा हाय. पिवळा. भाकरीगत गोल हाय मधी."

तीस मैलांवर त्याचं गाव. मी सात वर्षांचा. मला कळेचना की स्वातंत्र्य सोलापूरपर्यंत आलं आणि तीस मैल पुढे का गेलं नाही. गुरुजींना विचारलं. ते गप्प बसले आणि म्हणाले, "जाईल."

महिन्याभरात गेलं. सप्टेंबरात हैदराबाद रस्त्याला लष्कराच्या गाड्यांची रीघ लागली. शाळा बुडवून आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला धुळीत उभे. रणगाडा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पायाखालची जमीन हलत होती. तो प्रत्येक गाडीला हात करत होता. १३ तारखेला फौजा आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. दिवाळीच्या आत ते लोक गावाला परत गेले.

आज कुणी 'स्वातंत्र्य मिळालं तेव्हा' असं म्हणालं की मला दोन दिवस आठवतात. माझा एक आणि त्याचा एक. मधे तेरा महिने.

तुमच्या आठवणी लिहा. पाटी, दप्तर, गुरुजी, मार, खाऊ, काहीही चालेल.

---

शेंगाचटणी

काका, वाचून अंगावर काटा आला. माझं माहेर सोलापूरच, पण शाळेच्या पुस्तकातला मुक्तिसंग्राम आमच्या गावाच्या वेशीवर घडला हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. एक प्रश्न : बिगरी म्हणजे काय? आजोबा हा शब्द वापरायचे.

---

निवृत्तगुरुजी

बिगर इयत्ता, तीच बिगरी. पहिलीच्या आधीचा वर्ग. अक्षरओळख आणि शंभरपर्यंत अंक झाले की पहिलीत ढकलायचे. काही पोरं दोन-दोन वर्षं बिगरीतच असायची.

१ जूनबद्दल लिहितो, कारण मी स्वतः पुढे अशा तारखा लिहिल्या आहेत. त्यात आळस नव्हता. घरी जन्माची नोंद नसायची, आई सांगायची ती 'दुष्काळाच्या साली', 'थोरलीच्या लग्नात पोटात होता' अशी. शाळा जूनला सुरू होणार, मूल त्या दिवशी वयात बसलं पाहिजे, म्हणून १ जून. तारीख नाही म्हणून मूल परत पाठवलं तर ते पुन्हा यायचं नाही, ही भीती होती. सरकारी नियमाने पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेची ती गर्दी.

दुसरं असं की, धागाकर्ते शाळेत गेले त्याच वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला, १९४७ चा. सक्तीचं शिक्षण त्यातून टप्प्याटप्प्याने आलं. आमच्या बोलण्यात त्याला नुसतं 'सक्ती' म्हणत. सक्तीच्या नोटिसा घेऊन आम्ही घरोघर फिरायचो. बिडी वळणाऱ्या बाईच्या दारात उभं राहून "पोरीला पाठवा" म्हणणं सोपं नव्हतं. ती तंबाखूच्या हाताने आपल्याला पाणी द्यायची आणि म्हणायची, "हिला पाठवलं तर धाकट्याला कोण बघंल?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हतं.

---

पूर्वभाग

निवृत्तगुरुजी, त्या दारातली मुलगी मीच समजा. आमच्याकडे बिडी नव्हती, माग होता.

आम्ही पद्मशाली, विणकर. घरात तेलुगू. साल १९५२. तेव्हा म्युनिसिपालटीच्या तेलुगू शाळाही होत्या, कानडी आणि उर्दूही होत्या, पण नान्ना, म्हणजे वडील, म्हणाले की कचेरीत मराठी चालणार, पोरीला मराठीत घाला. अम्माने वेणी घालून "बडिकि पो" म्हणून पाठवून दिलं. बडि म्हणजे शाळा. एवढा एकच शब्द मला कळत होता आणि वर्गात गेल्यावर तोही कुणी बोलेना.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बाईंनी 'प' काढला. भिंतीवर पाल होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघा, पाल!" तेलुगूत पालु म्हणजे दूध. मी भिंतीवर दूध शोधत बसले. शेजारची मुलगी कानडी, तिलाही काही कळेना. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून आधी घाबरलो आणि मग इतक्या हसलो की बाईंनी जवळ बोलावलं. मी भीत भीत हाताने ग्लास करून दाखवला. बाईंना उलगडलं. त्यांनी त्या दिवसापासून एक केलं. रोज एक मराठी शब्द घेऊन आम्हाला विचारायच्या, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" आणि तिन्ही शब्द फळ्यावर लिहायच्या, सगळे देवनागरीत. पाणी, नीळ्ळु, नीरु. सगळा वर्ग तिन्ही म्हणायचा. मी आजही सोलापुरात कानडी भाजीवालीशी कानडीत बोलते ते त्या फळ्यामुळे.

आता दुखरं. शाळेच्या आधी आणि नंतर मी कांड्या भरायचे. रहाटावर लडी चढवायची, एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत कांडीवर सोडायचं. सूत चिमटीतून पळून पळून बोटाला चीर पडायची आणि त्याच चिरेत दुसऱ्या दिवशी पाटीवरची पेन्सिल रुतायची. माझं अक्षर वाईट नव्हतं, बोट दुखत होतं. एका गुरुजींनी त्या अक्षरासाठी हातावर छडी मारली, बरोबर त्याच बोटावर. मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नान्नांनी शाळा बंद केली असती.

चौथीनंतर बंद झालीच. धाकट्या भावाच्या फीचा प्रश्न नव्हता, पण मागावर माणूस कमी होतं. माझ्याबरोबरच्या कानडी मुलीचीही त्याच उन्हाळ्यात सुटली. मला राग नान्नांचा नाही, त्यांना सहा तोंडं होती. पण नवा देश झाला, शाळा फुकट झाली, सक्ती झाली, आणि तरी आम्ही दोघी चौथीतच उरलो, हे मला अजून बोचतं. माझ्या दोन्ही मुली एम. ए. झाल्या.

---

जुनीगिरणी

पूर्वभागताई, तुम्ही लिहिलंत ते नातीने दोनदा वाचून दाखवलं.

कांड्यांवरून आठवलं. तिसरीत आम्हाला टकळी आली. पेळू घ्यायचा, टकळीला गिरकी द्यायची, सूत ओढायचं. सहा महिने धडपडून मी एक लहानशी गुंडी केली आणि वडिलांना नेऊन दाखवली. ते पाळी करून आलेले, भुवयांवर अजून कापूस. सुताचं टोक अंगठा आणि बोटात धरून पीळ दिला, उजेडाकडे धरलं, हलका झटका दिला. तुटलं. "जाड-बारीक यायलंय," म्हणाले. माझा चेहरा पडलेला बघितला असावा. मग खाली बसले, माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि ओढ कशी सारखी ठेवायची ते दाखवलं. दिवसभर हजारो चात्यांसमोर उभा राहणारा माणूस रात्री कंदिलाजवळ एका टकळीवर सूत काढत होता. ते सूत तुटलं नाही. वडिलांना सही येत नव्हती, पगाराला अंगठा करायचे. त्या रात्री ते माझे गुरुजी झाले.

---

बालाघाट

मी तुळजापूर तालुक्यातला. म्हणजे काकांच्या 'तीस मैल पुढे' मधला. जन्म १९३९.

आमच्या गावात इयत्ता नव्हती, जमात होती. पहिली जमात, दुसरी जमात. थोरल्या भावाचं वरच्या वर्गातलं गणित सगळं उर्दूतून झालं. म्हातारपणीसुद्धा तो बेरीज मनात उर्दूत करायचा. तुमच्या सोबत्याची अक्षरं कच्ची होती ती यामुळे. पोरगा मठ्ठ नसावा.

१९४८ चा उन्हाळा आणि पावसाळा आम्ही शेतात झोपून काढला. वस्तीवर घोड्यांचा आवाज आला की आई तोंडावर हात दाबायची. शाळा बंदच होती. लष्कर आलं तेव्हा आधी आम्ही पळालो, कारण गणवेशातला माणूस म्हणजे भीती एवढंच माहीत. मग कुणीतरी ओरडलं, "आपले हायेत!"

नंतर शाळा मराठीतून सुरू झाली. पाढे मात्र मला तेच येत होते, आजोबांनी तोंडी शिकवलेले. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. बाजाराला गेलं की सव्वा शेर, दीड शेराचा हिशेब तोंडावर व्हायचा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा आजोबा म्हणाले, "आता माझी पावकी गेली."

एक सांगतो. घर न हलवता माझी राज्यं बदलत गेली. जन्म निजामाच्या मुलखात, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई, १ मे १९६० ला महाराष्ट्र. दर वेळी शाळेच्या पाटीवरची वरची ओळ रंगवून घेतली जायची. खालचं गावाचं नाव तेवढं तसंच.

---

कंबरतलाव

माझी शाळा १९४९ ची. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून 'जन गण मन' म्हणायचे असं मला पक्कं आठवतं. धाग्यात कुणी त्याचा उल्लेख केला नाही म्हणून लिहिलं.

---

निवृत्तगुरुजी

राष्ट्रगीत म्हणून ते स्वीकारलं गेलं २४ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताकाच्या दोन दिवस आधी. त्याआधीही काही ठिकाणी म्हणत असतील, तुमची आठवण खोटी नाही. पण राष्ट्रगीत म्हणून म्हणणं त्यानंतरचं.

---

जुनीगिरणी

आमच्याकडे 'वंदे मातरम्' होतं. 'सुजलाम् सुफलाम्' म्हणताना पाण्यासाठी नळावर रांगा लावणारी आमची आई आठवायची, आणि मला तरी वाटायचं की हे आता होणार आहे, म्हणून आपण म्हणतोय.

बालाघाट, तुमचं बरोबर आहे. तो मठ्ठ अजिबात नव्हता. त्याने मला पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहायला शिकवलं होतं. अलिफ, बे, पे, ते. पुढचं मी विसरलो. गुरुजींनी पाहिलं, मला वाटलं आता बसणार. त्यांनी फक्त विचारलं, "याने शिकवलं? मग तू याला 'क्ष' शिकव."

---

शेंगाचटणी

काका, त्याच्याबद्दल अजून काही आठवतं का? पुढे कधी भेट झाली?

---

जुनीगिरणी

नाही, भेट झाली नाही. नोकरीत असताना दोनदा नळदुर्गला गेलो, किल्ल्यातल्या धबधब्यापाशी उभा राहिलो, पण गावाचं नाव नीट माहीत नव्हतं. सहा-सात वर्षांच्या पोराला गावाचं नाव विचारायचं सुचत नाही.

एक आठवतं. त्याच्याकडे एक नाणं होतं. चांदीचं, दोन आण्याचं, त्यावर चारमिनार. निजामाचा हाली सिक्का. गाडीत बसताना आईने त्याच्या मुठीत दिलेलं. शाळेबाहेर फुटाणेवाला बसायचा. एकदा त्याने ते नाणं पुढे केलं. फुटाणेवाल्याने उलटसुलट केलं आणि परत दिलं. "हाली हाय. कलदार आण." कलदार म्हणजे आपल्याकडचं इंग्रजी सरकारचं नाणं. त्याला वाटलं नाणं खोटं आहे. डोळ्यांत पाणी आलं. मला माझा चरख्याचा झेंडा आठवला.

माझ्याकडे भोकाचा पैसा होता, तांब्याचा, मोठ्या भोकाचा. त्याचे फुटाणे घेतले आणि निम्मे निम्मे खाल्ले. पुढे तो गावाला निघाला त्या दिवशी मी आईकडून आणखी एक भोकाचा पैसा मागून घेतला आणि त्याला दिला. त्याने तिथेच सदरा वर करून तो करदोट्यात ओवला आणि गाठ मारली. मग मुठीतलं चारमिनारचं नाणं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. त्याच्या गावात ते चालणार होतं.